फटका बसल्यावर आणि चार पैसे हाती आल्यावर: या चुका टाळा

२०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये राज्यभर गारपीट झाली, तेव्हा आमच्या चोपडा तालुक्यातल्या गावात एकाच बांधाच्या दोन बाजूंना केळीच्या दोन बागा उभ्या होत्या. दोन्हीकडे साडेतीन हजारांच्या आसपास झाडं, दोन्हीकडे घड निसवलेले. वीस मिनिटांत पानांच्या चिंध्या झाल्या, घडांवर काळे डाग पडले. दुसऱ्या दिवशी व्यापारी आला, दोन्ही बागा बघून चहासुद्धा न घेता निघून गेला.

मी त्या वेळी विकास सोसायटीचा, म्हणजे गावाला पीक कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेचा, गटसचिव होतो. दोन्ही घरांची कर्जखाती माझ्याच कपाटात होती. आज पाटाकडच्या आबांची मुलगी फार्मसी शिकून नोकरीला आहे, मुलाचं सुरतला स्वतःचं घर आहे. नाल्याकडच्या जिभाऊंचा मुलगा दुसऱ्याचं वावर बटाईने करतो, आणि त्यांचं स्वतःचं एक एकर वावर दुसऱ्याच्या नावावर आहे. गाव म्हणतं, ज्याचं त्याचं नशीब. काही जण म्हणतात, जिभाऊंनी आपल्या हाताने वाटोळं केलं. मला यातलं पहिलं पटत नाही, आणि दुसरं ऐकून तर त्रास होतो. जिभाऊंच्या मोठ्या मुलीचं लग्न त्याच मे महिन्यात ठरलेलं होतं. आबांची मुलगी तेव्हा दहावीला होती. आबांच्या मेहुण्यांनी सुरतमधल्या उधन्याहून येऊन साठ हजार रुपये बिनव्याजी हातावर ठेवले. जिभाऊंना तसा मेहुणा नव्हता. एवढं सगळं दैवाचं. पण त्यापुढच्या वर्षभरात जे झालं, त्यातलं काही दोघांच्याही हातात होतं. चोवीस वर्षं खाती लिहिताना त्याच त्या चुका मी घरोघर पाहिल्या, एक-दोन स्वतःही केल्या. त्याच इथे लिहितो आहे.

कारण चुकीचं धरणं

नुकसान झालं की पहिल्या रात्री माणूस एक तर सगळा दोष स्वतःकडे घेतो, नाही तर सगळाच दैवावर टाकतो. दोन्हींत पुढचा निर्णय बिघडतो. गारपीट दैवाची, पण गारपिटीचा विमा न उतरवणं दैवाचं नव्हे. बोअर आटली हे दैव. आटत चाललेल्या बोअरवर पुन्हा केळीच लावणं, हा निर्णय.

याची उलटी बाजू जास्त महागात पडते. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला १०,००० रुपयांच्या पुढे गेला. बाजारात रुईचा तुटवडा होता म्हणून तो चढला. त्यात आमच्या गावातल्या कुणाचीही हुशारी नव्हती. पण ज्यांनी उशिरा विकला त्यांना जास्त पैसे मिळाले, आणि ‘जो थांबतो तोच कमावतो’ हे सगळ्या खान्देशच्या डोक्यात पक्कं बसलं. पुढच्या वर्षी घरोघर कापूस भरून ठेवला गेला. ओसरीत कापूस, माडीवर कापूस, झोपायच्या खोलीत कापूस. लेकरांच्या अंगाला खाज सुटली तरी कुणी विकेना. मीही अठरा क्विंटल धरून ठेवला. दिवाळीनंतर खेडा खरेदीवाले ९,००० च्या आसपास मागत होते. मे महिन्यात मी ७,००० ने दिला. छत्तीस हजार तिथेच गेले, वजनातली घट वेगळी. आदल्या वर्षी मला मिळालेला चढा भाव हे नशीब होतं आणि मी त्याला माझी समज मानली होती.

आता मी एवढंच करतो. माल घरात आला की पुढच्या चार महिन्यांचा खर्च कागदावर काढतो: सोसायटीचा भरणा, रब्बीचं बियाणं, मजुरी, नातवाची फी. तेवढ्या रकमेचा कापूस त्या दिवशी जो भाव असेल त्याने जातो. उरलेला ठेवावासा वाटला तर ठेवतो. भाव पडला तर चुकचुकतं, पण कुणापुढे हात पसरावा लागत नाही.

पहिले तीन दिवस रडण्यात किंवा पुढाऱ्याची वाट पाहण्यात घालवणं

पंचनामा होईल तेव्हा होईल. विमा असेल तर ७२ तासांचं घड्याळ सुरू झालेलं असतं. गारपिटीसारख्या नुकसानाचं संरक्षण तुमच्या विम्यात असेल, तर त्याची सूचना त्या मुदतीत विमा कंपनीकडे पोहोचावी लागते. १४४४७ या क्रमांकावर फोन करा, पीक विमा ॲपवर नोंदवा, आणि सूचनेचा क्रमांक वहीत लिहून ठेवा. सरकारी मदतीचा पंचनामा आणि विम्याची सूचना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तलाठी आप्पा येऊन गेले, आता विम्याचंही होईल’ असं समजून बसलेली माणसं मी दरवर्षी पाहिली.

केळीवाल्यांनी आणखी एक ध्यानात घ्यावं. हवामान आधारित फळपीक विम्यात कमी किंवा जास्त तापमानाची भरपाई हवामान केंद्राच्या नोंदीवरून ठरते. गारपिटीचं संरक्षण मात्र वेगळा जादा हप्ता भरून घ्यावं लागतं. अर्ज भरणाऱ्या पोराला हे आपण विचारायचं असतं. तो स्वतःहून सांगेल अशी आशा धरू नका, त्याच्यापुढे रांग असते. ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावरच्या पिकाच्या नोंदीत, केळीऐवजी आदल्या वर्षीचा कापूसच राहिला असेल तर दावा अडकतो. बटाईने करणाऱ्याकडे नोंदणी केलेला भाडेकरार नसेल तर विमा त्याच्या नावाने उतरतच नाही, आणि आमच्याकडे बटाई अजूनही तोंडीच चालते.

जो जास्त ओरडतो त्याचे पैसे आधी देणं

सगळ्यात जास्त घरं मी या एका चुकीने खचताना पाहिली, म्हणून इथे जरा थांबतो.

हातात पन्नास हजार आहेत. देणेकरी चार: सोसायटी, कृषी केंद्रवाला, चुलतभाऊ आणि एक खासगी सावकार. चुलतभाऊ चार माणसांत बोलून दाखवतो. कृषी केंद्रवाला वाटेत गाठतो. सावकाराचा माणूस दारात मोटारसायकल उभी करून बसतो. सोसायटी नुसती नोटीस पाठवते. मग पैसे कुणाला जातात हे सांगायला नको.

आता हिशेब पाहा. पीक कर्ज ३ लाखांपर्यंत मुदतीत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की सवलत जाते आणि खातं थकबाकीत गेलं की नवीन पीक कर्ज बंद. खासगीत शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. जिभाऊंनी २ लाख घेतले होते. महिन्याला ६,००० व्याज, वर्षाला ७२,०००. तीन वर्षांत २ लाख १६ हजार व्याजातच गेले आणि मुद्दल जागच्या जागी. त्या पैशांतून त्यांची सोसायटी दोनदा मिटली असती. पण सोसायटी थकलेली, म्हणून नवीन कर्ज नाही. कर्ज नाही म्हणून पुन्हा त्याच दारात.

तर फटका बसल्यावर पहिला फेरा सोसायटीचा आणि बँकेचा. पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल आणि शासनाने तसं जाहीर केलं असेल, तर पीक कर्जाचं मध्यम मुदतीत पुनर्गठन मागता येतं, म्हणजे तेच कर्ज पुढच्या काही वर्षांत हप्त्यांनी फेडता येतं. त्यासाठी अर्ज द्यावा लागतो, आणि तो लेखी द्यायचा, पोच घेऊन. आबांनी दिला होता. जिभाऊ ऑफिसपर्यंत आले, बाहेर दहा माणसं पाहिली आणि परत गेले. हे मला पुष्कळ उशिरा कळलं. त्या दिवशी मी उठून बाहेर यायला हवं होतं.

कर्जमाफीची वाट पाहणाऱ्यांना मी दोष देत नाही. २००८ ला माफी झाली, २०१७ ला दीड लाखापर्यंत झाली, २०१९ ला २ लाखांपर्यंत झाली. ज्यांना मिळाली त्यांची खरोखर सुटका झाली. पण प्रत्येक वेळी कोणत्या तारखेपर्यंतचं कर्ज धरायचं हे वरून ठरलं, आणि ती तारीख आधी कुणालाच माहीत नव्हती. तिच्या आशेवर खातं थकवून मधली चार वर्षं सावकाराकडे काढली, तर माफीत जेवढं सुटेल त्याहून जास्त व्याजात जातं. २०१९ च्या योजनेत नियमित फेडणाऱ्यांनाही ५०,००० रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळालं, हे आमच्या गावात फारसं कुणी बोलत नाही.

आणि एक गोष्ट, जी मी हात जोडून सांगतो. कर्जापोटी खरेदीखत करून देऊ नका. ‘नुसतं नावाला आहे, पैसे दिले की परत फिरवून देऊ’ हे वाक्य ऐकलं की तिथून उठा. दुय्यम निबंधकासमोर सही झाली की कागदावर तुम्ही वावर विकलेलं असतं. तारणच द्यायचं तर घरातलं सोनं बँकेत ठेवा. व्याज खासगीच्या मानाने फार कमी पडतं आणि पावती हातात राहते. फक्त मुदतीची तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा, नाही तर लिलावाची नोटीस येते. आबांच्या घरच्या काकूंनी पोत आणि पाटल्या काढून दिल्या, दोन वर्षांत सोडवल्याही. त्या दोन वर्षांत लग्नाकार्यांना त्या नुसत्या काळ्या मण्यांवर गेल्या. बायका बोलल्या, त्यांनी बोलू दिलं.

परवानाधारक सावकारानेही किती व्याज घ्यावं हे ठरलेलं आहे: शेतकऱ्याला तारण कर्जावर वर्षाला ९ टक्के, बिनतारणावर १२. परवानाच नसलेल्याकडून घेतलं असेल आणि जमीन गेली असेल, तर महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो, तालुक्याला सहायक निबंधकांच्या कार्यालयातही. चौकशीत ती जमीन कर्जापोटीच गेली असं निघालं तर ती परत देण्याचा आदेश होऊ शकतो. याला मुदत असते, म्हणून ‘बघू पुढे’ म्हणत वर्षं घालवू नका. व्याज रोख दिलेलं असतं, पुरावा नसतो, ही अडचण खरी आहे. मोबाइलवर पैसे पाठवले असतील त्याची नोंद, ज्याच्यासमोर दिले त्याचं नाव, तारखा, जे असेल ते आजपासून वहीत लिहायला लागा.

लग्न

ठरलेलं लग्न मोडता येत नाही, हे मला मान्य. लहान करता येतं. जिभाऊंचे व्याही भले होते. त्यांना खरी परिस्थिती सांगितली असती तर त्यांनी मांडव आवरता घेतला असता, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्यांना कुणी सांगितलंच नाही. गारपिटीच्या वर्षात डीजे, मानपान आणि हजार पान उठलं.

व्याजदर पाहून पैसे ठेवणं

चढत्या काळातली ही चूक उतरत्या काळात कळते. आमच्या जिल्ह्यात दीड-दोन दशकांपूर्वी पतसंस्था अडचणीत आल्या तेव्हा निवृत्त शिक्षक, विधवा बाया, वावर विकून आलेली रक्कम ठेवणारे म्हातारे पावत्या घेऊन उन्हातान्हात फिरताना मी पाहिले. माझ्या मावशीचे पैसे अशाच एका पतसंस्थेत अडकले. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त मिळत होते म्हणून तिने सगळेच्या सगळे तिथे ठेवले होते. मुलीच्या बाळंतपणाला तिला उसने मागावे लागले.

बँकेतल्या ठेवीला, मग ती बँक सहकारी का असेना, प्रत्येक ठेवीदारामागे प्रत्येक बँकेत ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून १ लाखाची ५ लाख झाली. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा लागू नाही. पतसंस्थेत खातं ठेवूच नका असं मी म्हणत नाही, अडीअडचणीला कर्ज तिथेच लवकर मिळतं. पण जी रक्कम बुडाली तर घर बसेल ती तिथे नको.

दवाखाना

महात्मा फुले जन आरोग्य योजना २०१२ मध्ये पहिल्या टप्प्यात ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत धुळे होतं. इतकी वर्षं झाली तरी पेशंट भरती झाल्यावर, दागिना मोडल्यावर, डिस्चार्जच्या दिवशी लोक विचारतात, ‘ते कार्ड चालतं का हो?’ भरती होण्याआधी विचारा. दवाखाना योजनेत आहे का, आणि हा आजार त्यात बसतो का, हे दोन प्रश्न आरोग्यमित्राला. संरक्षण आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. बँक खात्यातून कापले जाणारे अपघाताचे २० रुपये आणि जीवन विम्याचे ४३६ रुपये, हे दोन्ही चालू आहेत का तेही पासबुकात पाहून घ्या. मेअखेर खात्यात शिल्लक नसली की ते बंद पडतात आणि घरात कुणाला पत्ता नसतो.

सुरतेला जाण्याची लाज

नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव इथून सुरतेला जाणाऱ्या गाडीत कुठल्याही रविवारी रात्री बसून पाहा. निम्मा डबा आपला असतो. उधना, लिंबायत, दिंडोली या भागांत अहिराणी ऐकत चार गल्ल्या चालता येतात. तरी गावात अजून असं बोलतात की अमक्याचा पोरगा ‘निघून गेला’, जणू तोंड लपवून पळाला. या बोलण्यापायी लोक दोन-दोन वर्षं उशीर करतात, आणि जातात तेव्हा देण्याचा डोंगर पाठीवर असतो.

आबांनी थोरल्याला गारपिटीनंतर दीड महिन्यात पाठवलं. मामाच्या खोलीवर राहिला, आधी लूमवर, मग माल पोहोचवणाऱ्या टेम्पोवर. पहिल्या वर्षी त्याने घरी जे पैसे पाठवले त्यावर बहिणीची अकरावी झाली. इथे मामाचं घर असणं ही मोठी गोष्ट होती, ती मी लपवत नाही. ज्याचं तिथे कुणी नाही त्याने आधी गावातल्या तिथे असलेल्या चार जणांचे फोन घ्यावेत, खोलीची सोय करावी आणि मग जावं. मुकादमाकडून उचल घेऊन जाणं ही वेगळी गोष्ट आहे. ती उचल फिटेपर्यंत माणूस त्याचाच असतो.

आधी मुलीचं शिक्षण थांबवणं

खर्च कमी करायचा ठरला की यादीत पहिलं नाव मुलीच्या बसच्या पासाचं येतं. मी हे इतक्या वेळा पाहिलं आहे की आता राग येतो. घराची पायरी चढायची ती याच वाटेने, आणि अडचणीत आपण तीच वाट बुजवतो. मुलगा नापास झाला तरी ‘आयटीआयला टाकू’; मुलगी पासष्ट टक्क्यांनी पास झाली तरी ‘आता पुरे’.

पैशांचं कारण सांगण्याआधी चौकशी करा. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या आठवीच्या मुलांसाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते; पालकांचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४ पासून पूर्ण माफ आहे. त्यासाठी जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला वेळेत हातात हवा. बारावीचा निकाल लागल्यावर सेतू केंद्रात जी झुंबड उडते तिच्यात मुलीचं वर्ष वाया जातं. दाखले अकरावीतच काढा.

मुलांच्या बाबतीत चूक उलटी होते. पुण्याला स्पर्धा परीक्षेसाठी खोली, मेस, क्लास. एक प्रयत्न, दुसरा, पाचवा. जाहिरात रखडते, परीक्षा पुढे जाते, त्यात त्या मुलाचा दोष नसतो. पण निघतानाच घरात बसून ‘अमक्या वर्षाच्या आखाजीपर्यंत’, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, असं ठरलेलं असावं, आणि त्याच्या हाताशी दुसरं काही शिकलेलं असावं. तसं ठरलेलं नसलं की तिशी ओलांडलेला मुलगा गावात तोंड दाखवायला तयार होत नाही. मग बापही गप्प, पोरगाही गप्प.

त्याहून वाईट म्हणजे नोकरी ‘लावण्यासाठी’ वावर विकणं. शिक्षकाच्या एका जागेसाठी दोन एकर बागायत गेलेली मला ठाऊक आहे. मुलगा विनाअनुदानित तुकडीवर आठ वर्षं बिनपगारी शिकवत राहिला. मान्यता आली नाही, पैसे परत मिळाले नाहीत, आणि दिलेल्या पैशांची पावती कुठून असणार? असा व्यवहार कायद्यात बसत नाही, म्हणून तो फसला की दाद मागायला जागा राहत नाही. ‘आमच्या ओळखीने झालं’ असं सांगणारा भेटेल, त्याचं झालंही असेल. तुमचं वावर त्याच्या नशिबावर लावू नका.

नशीब उघडल्यावर

महामार्ग चौपदरी झाला तेव्हा रस्त्यालगतच्या गावांत जमिनीचे पैसे आले. आयुष्यात पहिल्यांदा पासबुकावर सात-आठ आकडी रक्कम दिसली. आधी चारचाकी, मग स्लॅबचा बंगला, मग नातेवाइकांना उसने. गाडी आणि बंगला दोन्ही खर्च वाढवतात, आणि खर्च भागवणारं वावर तर गेलेलं असतं. असा पैसा आला की सहा महिने काहीच करू नये. बँकेत मुदत ठेव करावी, दोन-तीन बँकांत विभागून. बहिणींच्या हिश्शाचं आधी मिटवावं. ते मागाहून कोर्टात मिटवायला गेलं की निम्मा पैसा वकिलाकडे जातो आणि भाऊबीज बंद होते. मग पहिली खरेदी अशी करावी जिच्यातून उत्पन्न येईल: दुसरीकडे जमीन, भाड्याचा गाळा, जे आपल्याला समजतं ते.

अमळनेरची गोष्ट खान्देशात प्रत्येकाला पाठ आहे. २९ डिसेंबर १९४५ ला तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली, वनस्पती तूप आणि साबण करणारी. तीच पुढे विप्रो झाली. त्या वेळी गावातल्या साध्या माणसांनी घेतलेले शेअर ज्यांनी पेटीत तसेच ठेवले, त्यांची पुढची पिढी श्रीमंत झाली. गोष्ट खरी आहे आणि मला तिचा अभिमान आहे. पण केळीची लागवड कशी झाली हे उभ्या झाडांवरून सांगता येत नाही, नांग्या, म्हणजे न जगलेल्या रोपांच्या मोकळ्या जागा, किती पडल्या तेही मोजावं लागतं. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला ज्यांना ते शेअर विकावे लागले, त्यांची गोष्ट कुणी सांगत नाही. ज्याला अडीअडचणीला दुसरे पैसे होते त्यालाच ते पेटीत ठेवता आले. आणि ती तूप करणारी कंपनी पुढे संगणकात जाईल हे १९४६ साली अमळनेरात कुणाला ठाऊक होतं?

आज ही गोष्ट सांगून तरुण मुलांना मोबाइलवर फ्युचर्स-ऑप्शन्सकडे ओढलं जातं. विप्रोचा शेअर चाळीस वर्षं ठेवणं आणि सकाळी घेतलेलं दुपारी विकणं यांत काहीही साम्य नाही. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत असा व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात निघाले, माणशी सरासरी सुमारे २ लाखांच्या. आपल्याकडे आखाजीला पत्ते खेळायची जुनी रीत आहे. झोका, गौराईची गाणी आणि एका बाजूला पत्त्यांचा डाव. पण म्हातारी माणसं कनवटीला बांधलेले पैसे संपले की उठायची, आणि आखाजी वर्षातून एकदाच यायची. हा मोबाइलवरचा डाव रोज सकाळी सव्वानऊला सुरू होतो आणि कनवटीला बँकेचं कर्जही जोडलेलं असतं. घरातला मुलगा दुपारी दार लावून बसत असेल तर आरडाओरडा न करता त्याच्याजवळ बसा, आणि किती गेले ते विचारा. आकडा मोठा असेल. तरी आज कळलेला आकडा सहा महिन्यांनी कळणाऱ्या आकड्यापेक्षा लहान असतो.

घरच्यांपासून लपवणं

जिभाऊंच्या घरी वहिनींना खरेदीखताचं कळलं ते समोरच्याने वावरात नांगर घातला त्या दिवशी. तीन वर्षं त्या माणसाने एकट्याने ओझं वाहिलं होतं. आबांनी मात्र गारपिटीच्या चौथ्या दिवशी सगळ्यांना ओट्यावर बसवलं. देणं किती, येणं किती, काय विकायचं, कोण कुठे जाणार, दहावीच्या मुलीसमोरसुद्धा सगळं बोलले. ती मुलगी आज सांगते, त्या रात्री भीती वाटली, पण मग कुणी कुणावर खेकसलं नाही.

खान्देशात सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या गड्याचा, हिशेब आखाजीला होतो. जुनं साल संपतं, नवं ठरतं. घराचाही हिशेब त्याच दिवशी करावा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. पितरांना आगारी टाकून झाली, पुरणपोळी आणि आमरस झाला की कागद काढा. सातबारा, सोसायटीचा उतारा, पासबुकं, विम्याच्या पावत्या. बायको आणि कळती मुलं समोर हवीत. वारस नोंद राहिली असेल, सातबाऱ्यावर जुना बोजा तसाच दिसत असेल, तर ते याच बैठकीत लक्षात येतं.

मागच्या आखाजीला जिभाऊ माझ्याकडे आले. बरोबर धाकटा मुलगा आणि वहिनी. हातात पत्र्याची पेटी. सगळ्यात खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत २०१४ चं खरेदीखत होतं, आणि एका शाळेच्या वहीत वहिनींनी, पुढे उपयोग होईल असं मनात नसतानाही, दर महिन्याला दिलेल्या ६,००० ची तारीख लिहून ठेवलेली होती. एकूण एकतीस तारखा. ज्याच्या हातात पैसे दिले त्याचं नावही दोन ठिकाणी होतं.

आम्ही दुपारभर बसून अर्ज लिहिला. वहीच्या झेरॉक्स काढायला धाकटा चोपड्याला गेला. सोमवारी सकाळी आम्ही चौघं सहायक निबंधकांच्या कार्यालयात गेलो. बाहेर दहा-बारा माणसं बसलेली होती. जिभाऊ दारात थबकले. वहिनींनी पेटी त्यांच्या हातातून घेतली आणि त्या आधी आत गेल्या. पोच मिळाली आहे, चौकशीची तारीख पडली आहे.